सोमवारचा हात

"मशीन गेलं," रेडिओ म्हणाला. माझ्या दंडावर टेकवलेला सोनोग्राफीचा प्रोब त्याने उचलला नाही. तसाच धरून तो पडद्याकडे बघत राहिला, आणि तब्बल अर्धं मिनिट गप्प राहिला, तेव्हा मला कळलं की खरंच काहीतरी झालं आहे. एरवी तो गप्प बसत नाही. म्हणून तर आम्ही त्याला रेडिओ म्हणतो. मी खाटेवर उताणी पडले होते, उजवा हात उशीवर पसरलेला, कोपराखालच्या पट्ट्यातली हवा नुकतीच सुटलेली, पंजात मुंग्या आणि मुंग्यांच्या मागून धावत येणारी ऊब. "किती?" मी विचारलं. "दोन पॉइंट एक." "कशाचे दोन पॉइंट एक?" "टक्के. अजून कशाचे? फूटपट्टी, तू दोन टक्क्यांची झालीस!" आणि तो हसला. मीही हसले, कारण गोष्ट हसण्यासारखीच होती. मला तो फूटपट्टी म्हणतो, आणि फूटपट्टी कधी आखूड होत नाही. ती आखूड दिसली तर आपण आपले डोळे तपासतो.

आमचं काम सांगायला फार सोपं आहे. दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली सेंटिमीटरभर खोल एक धमनी असते. प्रोब टेकवला की पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा दिसतात आणि त्यांच्यामध्ये एक काळा रस्ता. रस्त्याची रुंदी मोजायची. मग कोपराखाली रक्तदाबाचा पट्टा आवळायचा, पाच मिनिटं हाताचं रक्त अडवायचं, आणि एकदम सोडून द्यायचं. अडलेलं रक्त धावत सुटतं. धमनीच्या आतलं अस्तर, एका पेशीच्या जाडीचं, नुसत्या डोळ्यांना कधीही न दिसणारं, ती धाव ओळखतं आणि भिंतीला सांगतं, सैल हो. भिंत सैल होते. काळा रस्ता मिनिटभरात रुंद होतो; किती, तर साडेतीन मिलिमीटरमध्ये जेमतेम पाव मिलिमीटर. पण त्या पावमध्ये सगळं आलं. अस्तर धड असेल तर सहा-सात टक्के. अस्तर थकलेलं असेल तर रक्त धावत जातं आणि भिंत नुसती बघत बसते. गेल्या वर्षापासून आमच्याकडे येतात ती माणसं आधीच कुठल्यातरी जुन्या दुखण्याची, मधुमेहाची, रक्तदाबाची, मूत्रपिंडाची, सांध्यांची, आणि वर विषाणूचा ताप येऊन गेलेली. ताप उतरतो, खोकला थांबतो, घरचे म्हणतात, सुटलो बुवा. अस्तर सुटलं का, हे कोणी विचारत नाही. आम्ही तेवढंच विचारतो.

आणि मशीनवर भरवसा कसा ठेवायचा? त्यासाठी सोमवारचा हात. दर सोमवारी सकाळी, पहिला रुग्ण आत यायच्या आधी, एका निरोगी माणसाचा हात मोजायचा. माणूस तोच, वेळ तीच, पोट रिकामं. आकडा नेहमीसारखा आला की आठवडा सुरू. तीन वर्षं तो हात माझा होता. आधी रेडिओचा घेऊन पाहिला होता, पण त्याला पाच मिनिटं गप्प राहवेना. बोलला की खांदा हलतो, खांदा हलला की रेघा पुसतात. मला पडून राहता येतं. लहानपणापासून येतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, भिंतीवर स्वतःच्या अक्षरात नियम लिहून लावला होता: सोमवारचा हात दोनपेक्षा जास्त टक्क्यांनी हलला, तर मागच्या बरोबर सोमवारपासूनची सगळी मापं बाजूला ठेवावीत. मागचा बरोबर सोमवार कुठला, तर मला ताप यायच्या आधीचा. मधले तीन सोमवार मी घरी होते आणि कोणालाही दुसरा हात घ्यायचं सुचलं नव्हतं. येईलच की ती, म्हणून थांबले होते. त्या तीन आठवड्यांत एकतीस रुग्ण मोजून झाले होते, आणि एकतीस जणांतल्या बहुतेकांचे आकडे वाईट होते. "तरीच!" रेडिओ म्हणाला. "तरीच सगळे दोन, अडीच, दोन येत होते. मी म्हणतच होतो." त्याच्या आवाजात सुटका होती. एकतीस माणसांची बातमी वाईट असण्यापेक्षा एक मशीन वाईट असलेलं बरं.

मी जेल पुसत उठले तेव्हा पडदा माझ्याकडे वळलेला होता. वरच्या कोपऱ्यात, पट्टा आवळायच्या आधीची रुंदी लिहिलेली असते. तीन पॉइंट चार दोन. मी ती दोनदा वाचली. हा आकडा मला माझ्या जन्मतारखेसारखा पाठ आहे. तीन वर्षं तो तीन पॉइंट चार एक ते तीन पॉइंट चार तीन यांच्या बाहेर गेलेला नाही. मशीन बिघडलं असतं तर हाही बिघडला असता. अंतर मोजणारं यंत्र एक अंतर बरोबर आणि दुसरं चूक मोजत नाही. रस्ता होता तेवढाच होता. फक्त तो उघडला नव्हता. मी हातात ओला टिश्यू धरून उभी होते आणि मला घाबरायला हवं होतं. ते मला कळत होतं, घाबरण्याची जागाही मी मनात मोकळी करून ठेवली होती. पण तिथे जे येऊन बसलं ते वेगळंच होतं. कानामागे गरम झालं. शाळेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात कांद्याची साल बघितली तेव्हा झालं होतं तसं. मशीन नाही. मी. एकशे एक्केचाळीस सोमवार आणि मग हा. आमच्या एकाही रुग्णाकडे 'आधी' नाही. ते ताप येऊन गेल्यावर येतात, आधी कसे होते हे आम्ही अंदाजाने धरतो. माझ्याकडे एकशे एक्केचाळीस 'आधी' होते, एकाच हाताचे, एकाच मशीनवरचे, एकाच खाटेवरचे. जुनं दुखणं असलेल्या एका माणसाचे.

कारण मी निरोगी नाही. अकराव्या वर्षापासून मला मधुमेह आहे, रोज सुया घ्याव्या लागतात तो. हे त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं.

त्या दिवशी घरी जाताना मी जिने दोन-दोन पायऱ्या चढले, आणि मध्येच थांबून गळ्याशी दोन बोटं ठेवली, सवय आहे. अकराव्या वर्षी डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर एक नळी काढून दाखवली होती आणि नळीच्या आत ठिपके देत गेले होते, ही साखर, ही साखर, ही साखर. आईने तो कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला आणि पुढे कित्येक वर्षं ठेवला. मग वर्गात बाईंनी जाहीर केलं, हिला कोणी गोड देऊ नका बरं का. प्रेमानेच सांगितलं. त्यानंतर कोणाचा वाढदिवस असला की चॉकलेटचा डबा माझ्या बाकाशी येऊन हवेत जरा उंच व्हायचा आणि डोक्यावरून पुढच्या बाकावर जायचा. मला चॉकलेट नकोच होतं. तो डबा उंच व्हायचा ते नको होतं. तेव्हा मी बाकाखाली मनगटावर अंगठा ठेवून नाडी मोजायचे, आणि मोजताना पुतळ्यासारखी स्थिर व्हायचे, म्हणजे मी तिथे नाहीच. पहिल्या नोकरीत मी खरं सांगितलं, तर तिथल्या वरिष्ठ बाई दिवसातून चारदा विचारायच्या, तुला झेपेल ना गं, आणि सहा महिन्यांत माझ्याकडे फक्त लेबलं चिकटवायचं काम उरलं. म्हणून इथला फॉर्म भरताना, दीर्घकालीन आजार या रकान्यात मी सुंदर अक्षरात लिहिलं: नाही. एक शब्द. महिन्याभराने मोठ्या बाईंना निरोगी हात हवा झाला आणि त्यांनी फॉर्म चाळून माझ्याकडे बोट दाखवलं. पहिल्या सोमवारी आकडा आला सहा पॉइंट चार. रेडिओ म्हणाला, झकास. मी स्वच्छतागृहात जाऊन दार लावलं आणि दंडाला हात लावून बघितलं. त्या कागदावरच्या नळीचं कोणी काय सांगितलं होतं आणि ही माझी नळी, सहा पॉइंट चार. पुढे दर सोमवारी मी असा दाखला घेत राहिले. लोक देवळात जातात, मी खाटेवर पडायचे.

रात्रीचा आईचा फोन आला. तिचे प्रश्न ठरलेले आहेत, आणि क्रमही. "जेवलीस? सुई घेतलीस? सुईच्या आधी की नंतर?" "आई, माझ्या अस्तरावर परिणाम झालाय." "कशावर?" "रक्तवाहिन्यांच्या. त्या तापाने. साडेसहा होतं, दोन झालं." ती म्हणाली, "तू हे असं सांगतेयस जसं काही पहिला नंबर आलाय." मला हसू फुटलं. "आई, एकशे एक्केचाळीस आहेत माझ्याकडे. आधीचे!" "अगं पण दोन म्हणजे वाईट ना?" "वाईट." "मग हसतेस काय, गाढवे? डॉक्टरांकडे जा आधी." तिचा आवाज चिरका झाला आणि तेव्हा पहिल्यांदा, फोन धरलेल्या हाताच्या कोपरापासून, भीती आली. ती आली आणि उत्साहाशेजारी बसली. दोघांनी एकमेकांना हटवलं नाही. मला वाटायचं, एकाने दुसऱ्याला जागा करून द्यावी लागते.

मंगळवारी मशीनवाला आला. त्याच्या पेटीत जेलीचा एक ठोकळा असतो, आत नेमक्या अंतरावर ताणलेले धागे. त्यावर प्रोब ठेवून तो धाग्यांमधली अंतरं तपासतो. पट्टाही त्याने फुगवून अर्धा तास ठेवला, काटा जराही खाली आला नाही. "तुमचं मशीन माझ्या संसारापेक्षा धड आहे," तो म्हणाला. मोठ्या बाईंनी त्याचा कागद वाचला आणि परत दिला. "धाग्याला नाडी नसते," त्या म्हणाल्या. "माझा हात तीन वर्षांत हलला नाही. तुमचा ठोकळा गेल्या वर्षी बदलला." बाई माझ्या हाताला 'माझा हात' म्हणतात. मी त्यांच्या मागे उभी होते आणि तो हात मी पाठीमागे नेला. सगळं हातावर तपासायचं, हात कशावर तपासायचा हे इतक्या हुशार माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मला तर तो हात आतून ठाऊक होता. बाईंनी लाल पेन्सिलने एकतीस नावांपुढे फुल्या मारल्या आणि रेडिओला सांगितलं, सगळ्यांना कळवा, मशीनमध्ये दोष होता, नवी तारीख देऊ. मी काहीच बोलले नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. कागदांवर खुणा करत बसले. सोमवारचे आकडे पाठ होते तरी पुन्हा उतरवून काढले, आलेख काढला, तो दुमडून पुस्तकात ठेवला, पुन्हा काढला. एकशे एक्केचाळीस ठिपके एका पातळीत, जरासे वरखाली, जशी शांत माणसाची नाडी; मग तीन सोमवारांची रिकामी जागा, आणि त्यानंतर खूप खाली एक ठिपका. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मी कोणालाही शिकवू शकते. तरीही त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं की बोट गरम व्हायचं. काय झालं असेल त्या एकवीस दिवसांत? त्या जागेत मी पांघरुणाखाली कुडकुडत पडले होते आणि आत, दंडात, मांडीत, मेंदूत, नखांच्या मुळाशी, सगळीकडे एका पेशीच्या जाडीचं ते अस्तर एकटंच लढत होतं, आणि मला ऐकू आलं नव्हतं. सांगायचं म्हणजे 'नाही' या शब्दापासून सुरुवात करावी लागणार होती. मग डबा उंच होईल आणि डोक्यावरून पुढे जाईल. हे काम जाईल. मला या खोलीशिवाय काही आवडत नाही.

गुरुवारी शिंपीकाका आले. ते एकतीस जणांतले एक, मला ताप यायच्या आधी नाव नोंदवायला येऊन गेलेले. वीस वर्षांचा रक्तदाब, दोन महिन्यांपूर्वीचा ताप, आकडा एक पॉइंट आठ. त्यांची तारीख नव्हती, रेडिओचा फोन गेल्यावर ते आपणहून आले होते, आणि इतके खूष होते की दारातूनच बोलायला लागले. "ताई! मला वाटलं माझीच नळी बसली. मशीनची बसली होती होय!" मी म्हटलं, "बसा काका." "बसायला वेळ कुठे? दोन महिने दुकान अर्धा दिवस उघडं होतं. उद्यापासून पूर्ण वेळ. जिन्यात धाप लागते म्हणून घाबरलो होतो, पण आता म्हटलं, मशीनच खोटं बोलत होतं तर धापही मनाचीच असणार. आणि ती तुमच्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली होती ना, ती आता बंद करून टाकतो. पोटात जळजळ होते तिने." ते हसत होते. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर कात्रीने पडलेला घट्टा आहे. मोजताना त्यांचा पंजा उशीवर पसरतो तेव्हा तो मला दर वेळी दिसतो. "काका, गोळी बंद करू नका," मी म्हटलं. "आता का?" "मी सांगते तोवर नाही. आणि धाप मनाची नाही." त्यांचं हसू होतं तिथेच थांबलं. "म्हणजे मशीन ठीक आहे?" मी म्हटलं, "इथेच बसा. पंधरा मिनिटं बसा."

रेडिओ आत डबा उघडायच्या बेतात होता. "झोप," मी म्हटलं. "काय?" "खाटेवर. शर्टाची बाही वर कर." "अगं फूटपट्टी, लोक काय म्हणतील! निदान आधी चहा तरी विचार." "चहा प्यायलास?" "अजून नाही. उपाशी आहे. सकाळपासून एकतीस जणांना फोन करतोय, तुझ्या त्या..." "मग बरं झालं. आता पाच मिनिटं बोलायचं नाही." "पाच?" "खांदा हलतो." तो झोपला. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोणास ठाऊक, पण त्याने खरंच तोंड मिटलं आणि छताकडे बघत राहिला. गप्प राहायच्या प्रयत्नाने त्याच्या गळ्याची गाठ वरखाली होत होती. त्यालाही माझ्याच आठवड्यात तोच ताप आला होता; तीन दिवसांत उठून कामावर आला होता. जुनं दुखणं म्हणाल तर बडबड. मी पट्टा आवळला. पाच मिनिटं ही किती मोठी जागा आहे. खाटेवर पडलेल्याला ती हातात लागते, वर उभं राहिलेल्याला पोटात. पडद्यावर त्याचा काळा रस्ता स्थिर होता आणि मी मनात म्हणत होते, उघड, आणि त्याच दमात म्हणत होते, नको उघडूस. कारण नाही उघडला तर मशीन बिघडलेलं, मी बरी, काकांची नळी बरी, सगळे एकतीस बरे, आणि मला काही सांगावं लागणार नाही. किती सोपं होईल. मी हवा सोडली. दहा सेकंद, वीस. चाळिसाव्या सेकंदाला रेघा एकमेकींपासून दूर सरकायला लागल्या, घाई न करता, जसं कोणी अंगातून आळस काढावा. सात पॉइंट तीन.

"मशीन बरं झालं!" रेडिओ कोपरावर उठला. "मशीन आजारी नव्हतंच." "मग?" मी प्रोब पुसत होते. प्रोब तीनदा पुसून झाला होता. "मग तुझ्या हाताला काय झालं?" तो हळू आवाजात म्हणाला, त्याला हळू आवाज आहे हे मला तेव्हा कळलं. "मला अकराव्या वर्षापासून मधुमेह आहे," मी म्हटलं. वाक्य छोटं होतं, संपलंसुद्धा. छत जागेवर होतं. रेडिओच्या चेहऱ्यावर भलताच संताप आला. "तीन वर्षं मी तुला माझ्या वाढदिवसाचा केक खायला घालतोय!" "मी खात नव्हते. रुमालात गुंडाळून न्यायचे." "रुमालात? माझा केक?" "शेजारच्या मुलीला द्यायचे. तिला आवडायचा." तो खाटेवर बसून हसायला लागला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि मग एकाएकी ताठ झाला. आत कुठेतरी त्याचं गणित पूर्ण झालं होतं. "थांब. थांब, थांब. म्हणजे तू... तुझे ते सगळे सोमवार..." "एकशे एक्केचाळीस." "आधीचे!" "आधीचे." "अगं ए!" तो ओरडला. बाहेर बसलेले शिंपीकाका दारात येऊन उभे राहिले. "काय झालं? मशीन पुन्हा गेलं का?"

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या वेळी त्यांच्या समोर चहाचा कप होता आणि त्यावर साय धरत गेली. त्या वरच्या आवाजात बोलत नाहीत. "तू मला तीन वर्षं खोटी फूटपट्टी दिलीस," त्या म्हणाल्या. माझे कान पेटले. पण तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. "फूटपट्टी खोटी नव्हती, बाई. ताप येईपर्यंत सरळ होती. ती कशाची आहे तेवढं खरं लिहिलं नव्हतं." बाईंनी चष्मा काढला. कपाटातून माझा फॉर्म काढला, तो रकाना शोधला, आणि कागद माझ्याकडे वळवून पेन वर ठेवलं. "दुरुस्त कर. पद्धत माहीत आहे ना?" माहीत आहे. आमच्याकडे चूक गिरवून काळी करत नाहीत, पांढरा रंगही लावत नाहीत. एकच रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, बाजूला खरं लिहायचं, सही आणि तारीख. मी 'नाही'वर रेघ मारली. ते खालून वाचता येत होतं. शेजारी लिहिलं: आहे. मधुमेह, अकराव्या वर्षापासून. सही करताना अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. "हे संशोधनाच्या नैतिकता समितीकडे जाईल," बाई म्हणाल्या. "त्यांचं उत्तर येईपर्यंत तू रुग्ण मोजशील, पण आकडे काढायचे नाहीत. ते दुसरं कोणीतरी काढेल. आणि सोमवारचा हात उद्यापासून तुझा नाही." "हो, बाई." "त्या एकतीस फुल्या मीच मारल्या आहेत. त्या मीच खोडेन. बाहेर तो शिंपी बसलाय ना, त्याला आत पाठव, त्याला मी सांगते. गोळी बंद केली तर बघ म्हणावं." मी दारापर्यंत गेले. "आणि," त्या म्हणाल्या. मी वळले. बाईंचे डोळे चष्म्याशिवाय लहान मुलीसारखे दिसत होते, आणि त्यांनी तो सायीचा कप बाजूला सरकवला, तो जरा जास्तच जोराने. "तो आलेख तू घरी ठेवलायस की इथे आहे?"

आज नववा सोमवार, तो पहिला दोन पॉइंट एकचा धरून. मी त्याच खाटेवर उताणी आहे, पण आता दुसऱ्या फायलीत. रेडिओचा हात सोमवारचा हात झाला आहे. त्याच्या मापाच्या वेळी बाई स्वतः दारात उभ्या राहतात आणि तो जगातलं सगळं सांगायचं पोटात दाबून पाच मिनिटं लाल होतो. समितीचं उत्तर अजून नाही. कपाटाच्या वरच्या खणात माझी सुई आता डब्यात लपवलेली नाही, सगळ्यांसमोर आहे, गॉजच्या शेजारी; पहिले दोन दिवस सगळे तिच्याकडे न बघता बघायचे, तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिच्यावर स्वतःची चावी ठेवली आणि मला इतकं बरं वाटलं. माझे आकडे: दोन पॉइंट एक, दोन पॉइंट तीन, एक पॉइंट नऊ. तो एक पॉइंट नऊ आला त्या सोमवारी मी घरी जाताना जिने एकेक पायरी चढले. डॉक्टरांनी औषध वाढवलं, चालायला सांगितलं, साखरेचा तक्ता अधिक बारीक केला. आई रोज विचारते, जेवलीस, सुई घेतलीस, अस्तर काय म्हणतंय. दोन पॉइंट सहा, दोन पॉइंट चार, दोन पॉइंट सात, दोन पॉइंट सात, तीन पॉइंट शून्य. बाई बजावतात, एका आकड्यावर नाचायचं नाही. मशीनला स्वतःचीही थोडी थरथर असते. नाचत नाही. पण सकाळी उठले की दंडावर हात ठेवते आणि तिथे कोणीतरी कामाला गेलेलं असल्यासारखं वाटतं.

पट्टा आवळला आहे. कोपराखालचा हात आधी जड झाला, मग गार, मग तो माझा नाहीसाच झाला. पडदा मला दिसत नाही. रुग्णाला दाखवत नाहीत. रेडिओ शेजारी उभा आहे, प्रोब धरून, आणि त्यालाही आता गप्प राहायची सवय लागली आहे, थोडीशी. चार मिनिटं. छतावर एक भेग आहे, तीन वर्षं बघतेय, ती वाढलेली नाही. साडेचार. "सोडतो," तो म्हणाला, आणि हवा सुटली, आणि खांद्याकडून ते आलं, गरम, गर्दीने, बोटांच्या टोकांपर्यंत धडकत. आणि त्या धावेखाली कुठेतरी, मला न कळणाऱ्या जागी, एका पेशीच्या जाडीचं काहीतरी उठून बसलं असेल किंवा नसेल. मिनिट झालं. दीड. मशीनची घंटी वाजली. रेडिओ बोलेना. "किती?" तो बोलेना. "अरे किती?" "तीन पॉइंट आठ." मी छताकडे बघत म्हटलं, "मशीन गेलं का?" "नाही गं बाई," तो म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे."

मी जेल पुसली नाही, तशीच बाही खाली ओढली आणि बाहेर गेले. शिंपीकाका बाकावर होते, उपाशी, शर्टाची बाही आधीच दुमडून. ते गोळी घेतात. दुकान अजून अर्धा दिवस. खाटेवर पडताना त्यांना माझ्या वर सरकलेल्या बाहीखाली पट्ट्याचा ताजा वळ दिसला. "तुमचाही घेतात, ताई?" "दर सोमवारी." "आणि?" "साडेसहा होतं. मग दोन. आज तीन पॉइंट आठ." ते त्यावर विचार करत राहिले, जसं समोर कापड धरून करतात. "म्हणजे उसवलेलं परत धरतंय." "धरतंय असं दिसतंय. अजून बघायचंय." "आणि माझं?" "तुमचा आकडा मी काढायचा नाही, काका. नुसतं मोजायचं. आता बोलू नका." मी पट्टा आवळला. त्यांचा पंजा उशीवर उघडा पडला, घट्टा वर. मी त्यांचा रस्ता शोधला, दोन रेघा, आणि प्रोब टेकवून अशी स्थिर झाले की खोलीत मी नव्हतेच. फक्त या वेळी होते. पाच मिनिटं. हवा सोडली. वीस सेकंद काही नाही. तीस, काही नाही. पन्नासाव्या सेकंदाला वरची रेघ हलली. आकडा कोणाला हवा होता? केसभर, मग आणखी केसभर, काळा रस्ता माझ्या डोळ्यांसमोर रुंद होत गेला आणि मी प्रोब तसूभर हलू दिला नाही, घंटी वाजेपर्यंत नाही.

मग घंटी वाजली.

"ताई," काका मान वळवून म्हणाले, "तुमचा हात थरथरतोय."

"हो," मी म्हटलं.